सात एकर गवताचा इतिहास

इतिहास म्हटला की तख्ते आणि तलवारी डोळ्यांपुढे येतात. गवतालाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. परंतु इंग्लंडात, हर्टफर्डशर परगण्यातील हार्पेन्डन गावाजवळ, रॉथमस्टेड येथे सात एकरांचे एक कुरण आहे. 1856 सालापासून त्यातील गवत दरवर्षी कापले जाते, तोलले जाते आणि त्याची नोंद होते. ‘पार्क ग्रास’ या नावाने ते कुरण शेतकीशास्त्रात प्रसिद्ध आहे.

हा प्रयोग जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या दोघांनी आरंभिला. लॉज हा रॉथमस्टेडचा जमीनदार. सुपरफॉस्फेट खताचे पेटंट त्याने 1842 मध्ये घेतले आणि त्या धंद्यात पैसा मिळविला. गिल्बर्ट हा रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा प्रश्न साधा होता : कोणत्या खताने वैरण अधिक येते? त्यांनी कुरणाचे तुकडे पाडले; एकाला काहीच दिले नाही, एकाला केवळ नत्र, दुसऱ्याला स्फुरद व पालाश, आणखी एकाला सर्व काही.

उत्तर मिळाले. पूर्ण खताच्या तुकड्यांत गवत दुपटीहून अधिक आले. पण दोनतीन वर्षांतच एक नवल दिसू लागले. सगळीकडे एकच जुने कुरण असताना, प्रत्येक तुकड्यात जणू निरनिराळे बी पेरले असावे असे दिसे! नत्राच्या तुकड्यांत उंच, राठ गवते माजली. नत्रावाचून स्फुरद-पालाश मिळालेल्या तुकड्यांत क्लोव्हर, म्हणजे मेथी-लसूणघासाच्या कुळातले वैरणीचे रोप, फोफावले. बिनखताच्या तुकड्यात वैरण थोडी, पण तीत 35 ते 40 जातींच्या वनस्पती नांदत राहिल्या. म्हणजे खत गवत वाढविते, आणि कोणते गवत राहावे याची निवडही करिते.

आता वैरणीचा कस पाहू. क्लोव्हरच्या पाल्यात प्रथिने व चुना अधिक. म्हणून तराजूत जड भरणारा भारा गुरांच्या अंगी तितकाच लागेल असे नाही. नुसत्या पेंढ्या मोजणाऱ्याच्या हे ध्यानी येत नाही.

याहून मोठा धडा मिळण्यास पुढे काळ जावा लागला. ज्या तुकड्यांना नत्र अमोनियमच्या लवणांतून वर्षानुवर्षे मिळत गेले, त्यांची माती आम्ल होत गेली. गांडुळे दुर्मिळ झाली. मेलेले गवत कुजेना, त्याचा थर जमिनीवर साचू लागला. शेवटी तेथे दोनतीनच जाती उरल्या. सोडियम नायट्रेटमधून नत्र मिळालेल्या तुकड्यांची माती मात्र अशी आंबली नाही. दोष केवळ नत्राचा नव्हता. ते कोणत्या रूपात दिले जाते, यावरही मातीचे भवितव्य ठरत होते.

लॉज 1900 मध्ये आणि गिल्बर्ट 1901 मध्ये निवर्तला. त्यानंतर, 1903 पासून, बहुतेक तुकड्यांच्या अर्ध्या भागाला नियमाने चुना देण्यास प्रारंभ झाला. चुन्याने आम्लता उतरली, आणि शेजारच्या बिनचुन्याच्या अर्ध्यात जे तगत नव्हते ते चुना मिळालेल्या भागात तगू लागले. 1965 मध्ये बहुतेक तुकड्यांचे चार-चार भाग केले गेले, ते आम्लतेचा परिणाम पायरीपायरीने पाहता यावा म्हणून.

आम्हांला या कथेत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली ही की, खतावर ज्याने पैसा मिळविला त्याच्याच कुरणात खताचे गुण आणि दोष एकाच वहीत उतरले. दुसरी ही की, प्रयोग आपल्या पश्चात बंद पडू नये म्हणून त्याच लॉजने 1889 मध्ये एक लाख पौंडांचा न्यास करून ठेविला. दहा वर्षांत वही मिटली असती, तर जगाला भरघोस उत्पन्नाची वार्ता तेवढी कळली असती. मातीचे देणे सावकाश फिटते, आणि तिची तक्रारही सावकाश ऐकू येते. ती ऐकण्यासाठी एका पिढीने मांडलेला हिशेब पुढच्या पिढीने चालू ठेवावा लागतो.