कैद्याला पळून जाण्यास मदत : फौजदारी शिक्षा

कायदेशीर अटकेत वा कोठडीत असलेल्या व्यक्तीला सोडवणे किंवा सोडवण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा. भारतीय न्याय संहितेचे (1 जुलै 2024 पासून लागू) कलम 263 त्याविषयी आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम 225 होते. शिक्षा सोडवलेल्या माणसावरील आरोपानुसार किंवा त्याला झालेल्या शिक्षेनुसार वाढते. साधारण प्रकरणात 2 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही; त्याच्यावर फाशीयोग्य गुन्ह्याचा आरोप असल्यास 7 वर्षांपर्यंत; त्याला फाशीची शिक्षा झालेली असल्यास जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद.

पळालेल्याला एखाद्या वस्तीवर जाणूनबुजून लपवले, तर कलम 253 लागू होते. यातून फक्त पती-पत्नीला सूट आहे. आई, वडील व भावाला नाही. खेड्यात अनेकजण रक्ताच्या नात्यापोटीच यात अडकतात, म्हणून हा फरक ठाऊक असणे फार आवश्यक आहे.

पहारेकऱ्याची जबाबदारी वेगळी. शिक्षा झालेल्या कैद्याला हेतुपुरस्सर जाऊ दिल्यास कलम 260, निष्काळजीपणाने निसटू दिल्यास कलम 261 (2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही). 2 ऑक्टोबर 2023 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयातून अमली पदार्थ प्रकरणातील एक बंदी पळाला, तेव्हा बंदोबस्तावरील पोलिसांना निलंबित करण्यात आले. उपचाराच्या नावाखाली सैल पडणारा पहारा किती महाग पडतो, हे त्या घटनेने दाखवले. निलंबन ही मात्र खात्यांतर्गत कारवाई असते. फौजदारी खटला स्वतंत्रपणे चालतो.