‘धप्प’ आवाजाची गोष्ट



हळदीकुंकू असो, ग्रामसभा असो, की बचत गटाची वार्षिक बैठक असो, स्पीकरचं बटण दाबलं की आधी येतो तो ‘धप्प’ असा आवाज. मांडीवरचं मूल दचकतं. आणि कुणीतरी लगेच म्हणतं, “बायांनो, मशीनला हात लावू नका, उडेल!” त्या आवाजानं नुकसान होऊ शकतं, हे खरं आहे. पण तो टाळायला ताकद लागत नाही आणि मोठं शिक्षणही लागत नाही. तो कुठून आला एवढं कळलं की पुरे. म्हणून आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत.

आपल्या आजी-आजोबांच्या काळात विजेवर चालणारा मोठा लाकडी रेडिओ असे. त्याच्या आत काचेचे व्हॉल्व्ह असत. बटण फिरवलं की आधी व्हॉल्व्ह तापायचे. त्यात वीस-तीस सेकंद जायचे. मग आवाज चुलीवरच्या दुधासारखा हळूहळू वर यायचा. शिवाय व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असायचा. तो आवाजाची हलती वीज पुढे जाऊ द्यायचा, स्थिर वीज अडवायचा. त्यामुळे हे रेडिओ सहसा दचकवत नसत.

१९४७ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ साली तिथेच ट्रान्झिस्टरवर चालणारा खिशातला रेडिओ बाजारात आला. ट्रान्झिस्टरला तापावं लागत नाही, बटण दाबताच तो कामाला लागतो. पुढे यंत्र हलकं आणि स्वस्त करायचं म्हणून स्पीकरजवळचा जड ट्रान्सफॉर्मर काढला गेला. त्याच्या जागी कंडेन्सर आला. धप्प आवाजाची मुळं इथे आहेत.

ते कसं, पाहा. अशा बारा व्होल्टच्या मशीनमध्ये, कुणी बोलत नसतानाही, बाहेर जाणाऱ्या तारेवर साधारण सहा व्होल्टचा दाब असतो. तो थेट स्पीकरवर पडू नये म्हणून मध्ये कंडेन्सर बसवतात. कंडेन्सर म्हणजे विजेची कळशी समजा. बटण दाबतो तेव्हा कळशी रिकामी असते. ती भरताना विजेचा एक लोंढा स्पीकरमधून जातो. स्पीकरचा कागदी पडदा एकदम ढकलला जातो, तोच धप्प. बंद करताना कळशी रिकामी होते, तेव्हाही असाच धक्का बसू शकतो.

लहान रेडिओच्या धप्पनं काही बिघडत नाही. पण कार्यक्रमाच्या सेटमध्ये माइक मिक्सरला जोडलेला असतो आणि मिक्सर अ‍ॅम्प्लिफायरला. अ‍ॅम्प्लिफायर आधीच चालू असेल आणि मागून मिक्सर चालू केला, तर मिक्सरचा छोटा धक्का तो अनेक पटींनी मोठा करून स्पीकरला देतो. स्पीकरच्या आत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. असे धक्के वारंवार बसले तर ते सैल होतं, कधी जळतं. गटानं पै-पै जमवून घेतलेला स्पीकर असा जातो, आणि बोल लागतो बायकांच्या हाताला.

यंत्र बनवणाऱ्यांनीही यावर उपाय शोधला. १९७० च्या दशकात घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये रिले बसवायची पद्धत वाढली. बटण दाबल्यावर काही सेकंद शांतता, मग ‘टिक’, मग आवाज. आतली वीज स्थिरावल्यावरच रिले स्पीकर जोडतो. पण प्रत्येक मशीनमध्ये तो नसतो. तिथे रिलेचं काम आपल्या हातानं करायचं.

नियम असा. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मानाचा पाहुणा. सगळ्यांच्या शेवटी येतो आणि सगळ्यांच्या आधी उठतो. सुरू करताना आधी मिक्सर, मग जरा थांबून अ‍ॅम्प्लिफायर, तोही आवाज शून्यावर ठेवून. बंद करताना आवाज शून्यावर, अ‍ॅम्प्लिफायर बंद, थोडा वेळ थांबून मग मिक्सर. माइकची वायर काढताना-लावताना त्या माइकचा आवाज खाली आणायचा. हेडफोन कानाला लावायचा तो सगळं सुरू झाल्यावर. आपले कानही जपायला हवेत.

आता गावाकडची खरी अडचण, लोडशेडिंग. वीज गेली की आपण दिवा शोधतो आणि सगळी बटणं चालूच राहतात. वीज परत येते तेव्हा मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकदमच जागे होतात आणि जोराचा धप्प होतो. म्हणून वीज गेली की पहिला हात अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर गेला पाहिजे. दिवा नंतर.

हे बटण आपल्या हाती यायला बराच काळ लागला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साथीनं दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावानं एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, प्रश्न कळवायचे. पण प्रसारणाचं यंत्र शहरातच होतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र काढायची वाट मोकळी झाली. २००८ साली आताच्या तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी उभी राहिली.

पन्नास वर्षं ऐकल्यावर बोलायची पाळी आली, आणि बोलणाऱ्या बाईला बटणही ठाऊक हवं. नाहीतर माइक आपला आणि मशीन दुसऱ्याचं, असंच चालू राहील.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक करा. बटणांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा, सुरू करायचे आकडे वर आणि बंद करायचे खाली. मग एकेकीनं पुढे येऊन मशीन सुरू करायचं आणि बंद करायचं. सगळ्यांचे हात फिरले आणि धप्प झाला नाही, की समजा मशीन आपलं झालं.