मायना आणि मजकूर : व्यापारी इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांची कसोटी

व्यापारी इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अध्यापनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही आहे. कारण पुस्तक निवडताना आपण ज्या कसोट्या लावतो, त्या निरनिराळ्या काळांच्या गरजांतून आलेल्या आहेत, आणि गरज सरली तरी कसोटी मागे उरते. प्रस्तुत निबंधात या कसोट्यांचा क्रम पाहून, वारणानगर परिसरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांचे बळ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिली कसोटी कारकुनाच्या मेजावर जन्मली. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले, आणि इंग्रजी लिहिता येणे हे उपजीविकेचे साधन ठरले. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघून वाणिज्य विषयास विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली. तथापि, व्यापारी पत्रलेखन म्हणजे नमुनापत्रे गिरवणे, ही समजूत त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. चालू महिन्यास ‘इन्स्टंट’, गतमहिन्यास ‘अल्टिमो’ म्हणावे, हे ज्यास ठाऊक तो तयार, असे मानले जाई. आपल्याकडील ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा जसा मायना, तसाच हाही मायना होय. मायना पाठ होतो. मजकूर मात्र सुचावा लागतो. पहिल्या पिढीच्या पुस्तकांचे मूल्य मायन्यावर ठरले. गमतीची गोष्ट अशी की, खुद्द इंग्लंडात असल्या ठोकळेबाज भाषेवर टीका होत होती. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी सोप्या इंग्रजीचे पुस्तक लिहिले ते १९४८ मध्ये.

दुसरी कसोटी शब्द व वाक्यरचना यांच्या मोजमापाची. मायकेल वेस्ट यांची सामान्य शब्दसूची १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५८ मध्ये हैदराबाद येथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होत असे. अकरावीनंतर महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ अवघी चार वर्षांची इंग्रजीची शिदोरी असताना शब्द मोजूनमापून देणे उपकारकच होते. परंतु या कसोटीस वाक्य शुद्ध आहे की नाही एवढेच कळते. ते कोणास, कशासाठी लिहिले हे कळत नाही.

तिसरी कसोटी गरजेची. १९८४ मध्ये ॲलन कनिंग्सवर्थ यांनी पाठ्यसामग्रीच्या निवडीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९८७ मध्ये टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी मूल्यमापन म्हणजे विद्यार्थ्याची गरज आणि उपलब्ध पुस्तक यांची जुळणी, असा विचार मांडला. विचार रास्त आहे. परंतु गरज कोणाची, हे ठरविल्यावाचून तो पोकळ राहतो.

येथे वारणानगरचे उदाहरण बोधप्रद ठरेल. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९५० नंतरच्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९६४ मध्ये महाविद्यालय निघाले. पुढे दूधसंघ आणि ग्राहक भांडार आले. १९९८ मध्ये सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्पही याच परिसरात हाती घेण्यात आला. सहकाराचा अंतर्गत व्यवहार, म्हणजे सभेची नोटीस, इतिवृत्त, उसाचा हिशेब, हा मराठीचा प्रांत. तर यंत्रसामग्रीच्या निविदा, निर्यातीची कागदपत्रे, कर्जाचे करारनामे येथे इंग्रजीशी गाठ पडते. सारांश, येथील पदवीधरास दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून काम करावे लागते.

समजा, ऐन गळीत हंगामात एका यंत्राचा सुटा भाग वेळेवर आला नाही. पुरवठादारास पत्र लिहिताना मागणीचा क्रमांक, कराराची तारीख, विलंबाने होणारे नुकसान आणि आपली नेमकी मागणी, यांचा क्रम लावणे हेच खरे काम आहे. नमुनापत्राचा मायना येथे फारसा उपयोगी नाही. तसेच, करारनाम्यातील तारणाचे कलम संचालकांस मराठीत समजावून सांगणे हेही व्यापारी इंग्रजीचेच काम होय. कारण त्या कलमाचा अर्थ चुकला, तर त्याचा भुर्दंड अखेर भागधारक शेतकऱ्यावर पडतो. म्हणून पुस्तक हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत : ते मजकूर रचावयास शिकविते काय? मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत अर्थ नेण्याचा सराव देते काय? आणि ज्या विद्यार्थ्यास घरी वा गावात इंग्रजीचा दुसरा आधार नाही, त्यास ते एकट्याने वाचता येते काय?

यावर असा आक्षेप संभवतो की, अशाने पुस्तक संकुचित होईल; वारणेकाठचा विद्यार्थी उद्या पुण्यामुंबईस वा परदेशी गेला तर काय? आक्षेप विचारार्ह आहे. केवळ कापडाच्या गासडीऐवजी साखरेचे पोते घातल्याने पुस्तक चांगले होत नाही. परिचित व्यवहारातून विचाराची शिस्त लागली, तर ती अपरिचित व्यवहारातही उपयोगी पडते. पाठ केलेला मायना मात्र काळ बदलताच निरुपयोगी होतो. ‘इन्स्टंट’ आणि ‘अल्टिमो’ यांची आजची गत हाच त्याचा पुरावा.

शहरातील विद्यार्थ्यास वाईट पुस्तकाची भरपाई अन्यत्र करून घेता येते. खेड्यातील विद्यार्थ्यास पुष्कळदा पुस्तक हाच गुरू असतो. त्यामुळे अभ्यासमंडळाची निवड चुकली, तर तिची किंमत ज्यास ती सर्वांत कमी परवडते, त्यालाच मोजावी लागते. क्रमिक पुस्तकाची परीक्षा घेताना ही जाणीव परीक्षकाने प्रथम ठेवावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.