पिछोल्यातला पाहुणचार

पुण्याच्या माणसाने पैसे मोजून राजवाड्यात राहायला जावे, ही गोष्ट आमच्या घराण्याच्या इतिहासात पूर्वी घडलेली नाही. प्रवासाला निघालो की धर्मशाळा, फार तर एखाद्या स्नेह्याचे घर, आणि बरोबर दशम्यांचा डबा, ही आमची रीत. परंतु आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, त्या निमित्ताने चिरंजीवांनी उदेपूरच्या तळ्यातल्या राजवाड्यात दोन रात्रींची सोय केली आणि वर ‘बाबा, भाडे विचारायचे नाही’ असा दम भरला. मी विचारले नाही. सौभाग्यवतींनी मात्र सूनबाईकडून आकडा काढून घेतला, आणि त्यानंतर उदेपूर येईपर्यंत त्या फारशा बोलल्या नाहीत.

हा राजवाडा म्हणजे जगनिवास. पिछोला तलावातल्या सुमारे चार एकरांच्या बेटावर तो असा बसवला आहे, की बेट कुठे संपते आणि वाडा कुठे सुरू होतो ते कळू नये. पाण्यातून सरळ पांढऱ्या भिंती वर येतात. काठावरच्या धक्क्यावरून नावेने जावे लागते. दुसरी वाट नाही. आम्ही पायरीवर पाऊल ठेवले तोच वरच्या सज्जातून गुलाबाच्या पाकळ्या अंगावर पडल्या. सौभाग्यवतींनी डोक्यावरच्या दोनचार पाकळ्या काढून पदराच्या टोकाला बांधल्या. भाड्यातले तेवढे वसूल झाले, असे त्यांचे म्हणणे.

नावाड्याने विचारले, “कुठून आलात, हुकम?” मेवाडात समोरच्या माणसाला आदराने ‘हुकम’ म्हणतात. मी थोड्या अभिमानानेच सांगितले, “पुण्याहून.” म्हातारा वल्हे मारता मारता हसला. म्हणाला, “म्हणजे पेशव्यांच्या गावचे. आपल्याकडची माणसे पूर्वी पुष्कळ आली इकडे, हुकम. पण राहायला नाही. वसुलीला.”

त्याने हे कसल्याही रागाने म्हटले नव्हते. पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसे सांगितले. पण मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. बाजीरावाची उत्तरेची स्वारी शिकवताना खडू हातात थरथरत असे. नर्मदा ओलांडली, माळवा घेतला, राजपुतान्याने मान तुकवली, असे मी मुलांना सांगत आलो. त्या मान तुकवलेल्या घरात पाहुणा म्हणून राहायची पाळी येईल, हे ध्यानीमनी नव्हते. त्या दोन रात्री मला झोप चांगली लागली नाही, त्याचे कारण गादी मऊ होती एवढेच नाही.

पहिली हकीकत या तळ्याचीच. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, राणा लाखाच्या काळात, एका बंजाऱ्याने इथे बांध घातला असे परंपरा सांगते. धान्याचे तांडे घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या हातून एवढे मोठे काम व्हावे, हे मला राजांच्या सगळ्या बांधकामांपेक्षा थोर वाटते. पुढे १५५९ साली उदयसिंहाने काठावर उदेपूर वसवले आणि तलाव वाढवला. त्यात दोन बेटे प्रसिद्ध आहेत. दक्षिणेकडच्या बेटावर जगमंदिर, आणि आमच्या मुक्कामाचे हे जगनिवास.

जगमंदिर जुने. बापाविरुद्ध, म्हणजे जहांगीर बादशहाविरुद्ध, बंड करून निघालेला शाहजादा खुर्रम १६२३ च्या सुमारास मेवाडात आश्रयाला आला, तेव्हा राणा कर्णसिंहाने त्याला त्या बेटावर ठेवून घेतले. हाच पुढे शाहजहान झाला. दोघांनी पगड्या बदलून भाऊबंदकी जोडली, असे उदेपुरात आजही सांगतात. (तिथल्या घुमटावरूनच त्याला ताजमहाल सुचला, असेही सांगतात. पाहुण्याने असल्या गोष्टींवर मान डोलवावी, वाद घालू नये.) विशेष हे, की याच खुर्रमने नऊ वर्षांपूर्वी मोगली फौजा आणून मेवाडला शरण आणले होते. त्या माणसाला त्यांनी तळ्यातली सर्वांत सुरक्षित जागा दिली.

आता आमची पाळी. १७३५ साली बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या. पुण्याहून फेब्रुवारीत निघालेली ही वृद्ध बाई उन्हाळ्यात उदेपुरास पोचली. राण्याने तिचा मोठा सन्मान केला. पुढे जयपुरासही तसाच झाला. ज्या मुलुखात मुलाच्या फौजांची दहशत, त्या मुलुखातून आई सुखरूप तीर्थे करीत गेली, आणि वर्षाहून अधिक काळाने पुण्यास परतली. आपले इतिहासकार यात पेशव्यांचा दरारा पाहतात. दरारा असेलही. पण आलेल्या आईला आई म्हणून वागवणे, हाही काही गुण आहे की नाही?

यात्रा चालू असतानाच, १७३६ च्या आरंभी, खुद्द बाजीराव उदेपुरास आला. त्या वेळी गादीवर दुसरा जगतसिंह होता. दरबारात पेशव्याला कुठे बसवायचे यावर खल झाला. टॉड म्हणतो की सिंहासनापुढे त्याला जागा नेमून दिली, बनेड्याच्या राजाच्या बरोबरीची. दुसरी हकीकत अशी, की दोन आसने मांडली होती आणि सूर्यवंशी राण्याचा मान म्हणून बाजीराव आपण होऊन खाली बसला. मला ही दुसरी पटते. निदान पटावी असे वाटते. दुसऱ्या दिवशी पेशव्यांना जगमंदिर दाखवावे असा बेत ठरला. तेवढ्यात कोणी कानाला लागले, की बेटावर नेऊन दगा करणार. बाजीराव संतापला, आणि राण्याला पैसे देऊन त्याची समजूत घालावी लागली, असे मेवाडच्या बखरवजा इतिहासात आहे. शेवटी वर्षाला एक लाख साठ हजारांची खंडणी ठरली, असा टॉडचा आकडा आहे.

दगा होता की नव्हता, हे आता कोण सांगणार? या तळ्यात दग्याची एक कथा आहेच. दोरावरून तळे ओलांडशील तर अर्धे राज्य देतो, असे राण्याने एका नटीला सांगितले, आणि ती काठाजवळ आली तेव्हा दोर कापला गेला. तिच्या नावाचा चबुतरा पाण्यात उभा आहे. तेव्हा पेशव्याला शंका आली तर ती अगदीच वेडगळ म्हणता येत नाही. पण मी सज्जात बसून जगमंदिराचे दिवे पाहत होतो आणि मनात एकच येत होते. मोगल शाहजादा तिथे महिनोन्महिने निर्धास्त झोपला. आमचा रणधुरंधर नावेत पाऊल ठेवीना. फरक बेटात नव्हता. एक मागायला आला होता तो आसरा, दुसरा मागायला आला होता ते पैसे. वसुलीला आलेल्या माणसाला कुठल्याच घरी निर्धास्त झोप येत नाही.

गंमत अशी, की खंडणी मान्य करून सात वर्षे झाली नाहीत तोच याच जगतसिंहाने हा जगनिवास बांधायला काढला. तरुणपणी त्याने चांदण्या रात्री जगमंदिरात जनान्यासह राहायची परवानगी मागितली, तेव्हा बाप संग्रामसिंह म्हणाला, हौस असेल तर स्वतःचा वाडा बांध. मुलाने ते मनावर घेतले. १७४३ साली पाया घातला, १७४६ साली वास्तू झाली. देणी थकलेली, सरदार भांडणारे, दारात होळकर आणि शिंदे, आणि राणा पाण्यात संगमरवर बसवतो आहे! टॉडने त्याला विलासी म्हणून झोडपले आहे. मी मात्र त्याच्याच विलासाच्या खोलीत राहून चहा पीत होतो, तेव्हा मी काय बोलावे?

सकाळी सौभाग्यवतींनी काठावरचा एक भव्य वाडा दाखवून विचारले, “अहो, ते कोणाचे हो?” ती बागोर की हवेली, बांधली अमरचंद बडवा या मेवाडच्या प्रधानाने. हे नाव मी वर्गात कधी घेतले नव्हते. १७६९ साली महादजी शिंद्यांनी उदेपुराला वेढा घातला. खजिना रिकामा, पगार थकलेले शिपाई बंड करून उठलेले. अमरचंदाने राजवाड्यातली सोन्याचांदीची भांडी वितळवून नाणी पाडली, जवाहीर गहाण टाकले आणि शहर महिनोन्महिने लढवले. तह सत्तर लाखांवर ठरला, आणि मग शिंद्यांनी आणखी वीस लाख मागितले. टॉड लिहितो की अमरचंदाने तहाचा कागद फाडून परत पाठवला. अखेर साडेत्रेसष्ट लाखांवर मिटले. निम्मे रोख आणि ऐवज, उरलेल्यापोटी जावद, जीरण, नीमच हे परगणे गहाण. ते गहाण सुटले नाही. एवढा वाडा बांधणारा प्रधान मेला तेव्हा घरात अंत्यविधीपुरताही पैसा नव्हता, असेही टॉड सांगतो. टॉड इंग्रजांचा माणूस. मराठ्यांना काळे रंगवण्यात त्याच्या सरकारचे हित होते, हे मी मुलांना नेहमी बजावत असे. ते खरेच आहे. पण रंग काढून टाकला तरी साडेत्रेसष्ट लाख शिल्लक राहतात.

महादजी माझा आवडता. पानिपतावरून लंगडत आलेला आणि दिल्लीला पुन्हा मराठ्यांचा शब्द चालवणारा. तो आवडता राहीलच. पण ती हवेली पाहिल्यावर त्याचा धडा मला पूर्वीसारखा शिकवता येणार नाही, आणि आता शिकवायचाही नाही.

या गहाण पडलेल्या नीमचची गोष्ट पुढे विलक्षण वळण घेते. शिंद्यांकडच्या त्या गावी इंग्रजांनी छावणी उभारली. ३ जून १८५७ रोजी तिथली पलटण उठली. गोऱ्यांच्या बायका, मुले जीव घेऊन निघाली, आणि मेवाडचा एजंट कॅप्टन शॉवर्स याने त्यांना उदेपुरास आणले. महाराणा स्वरूपसिंहाने त्यांना कुठे ठेवले? जगमंदिरात. बंडवाल्यांना पोचता येऊ नये म्हणून काठावरच्या नावा मोडून टाकल्या, असे सांगतात. राजकारण म्हणून त्याने इंग्रजांची बाजू घेतली हे आपल्याला रुचणार नाही. मलाही रुचत नाही. पण ज्या गावाच्या गहाणखताने मेवाडची कंबर मोडली, त्याच गावाहून पळालेल्या लेकरांना त्याच तळ्यातली तीच जागा मिळाली.

पुढचे थोडक्यात. संस्थाने गेली, आणि महाराणा भगवतसिंहांनी जगनिवासाचे हॉटेल करायचे ठरवले. दीदी कॉन्ट्रॅक्टर या अमेरिकेतून येऊन मुंबईला संसार केलेल्या बाईंनी त्याची मांडणी केली. त्यांनीच पुढे कांगड्यात मातीची सुंदर घरे बांधली. १९६३ साली हॉटेल सुरू झाले, १९७१ पासून ते ताज कंपनी चालवते. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत तळे इतके आटले की पाहुणे कोरड्या तळावरून जीपने येत. नावाडी म्हणाला, “तेव्हा बेट उरलेच नव्हते, हुकम. कोणीही यावे आणि जावे.” त्याला ते दिवस मुळीच आवडले नव्हते.

शेवटच्या सकाळी त्याच म्हाताऱ्याच्या नावेतून आम्ही जगमंदिर पाहायला निघालो. धक्क्याच्या कडेला दगडी हत्तींची रांग पाण्याकडे तोंड करून उभी आहे. मी वाटेत बाजीरावाची हकीकत सौभाग्यवतींना सांगितली. नावाडी ऐकत होताच.

“तेव्हा पेशवे इथवर आलेच नाहीत, हुकम,” तो म्हणाला. “आपण आलात.”

सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यांच्या आईंना कोणी विचारलं असतं, तर त्या आल्या असत्या.”

म्हाताऱ्याला मराठी कितपत कळले कोण जाणे. नाव पायरीला लागली. त्याने हात पुढे केला, आणि त्याचा हात धरून त्या माझ्या आधी उतरल्या.