बुद्धिबळातील विद्या : झाकलेली आणि उघडी

बुद्धिबळाच्या पटावर लपवण्यासारखे काही नसते. पत्त्यांच्या डावात हातातली पाने झाकलेली असतात, सोंगट्यांत कवड्यांचे दान आधी कळत नाही. बुद्धिबळात मात्र दोन्ही सैन्ये उघड्यावर उभी असतात. झाकलेला असतो तो खेळणाऱ्याचा विचार. गेल्या पाऊणशे वर्षांत हा विचारच संगणकाच्या आज्ञावलीत लिहून काढण्याचा उद्योग जगभर झाला. त्यात नोकरीव्यवसाय सांभाळून रात्री जागणाऱ्या हौशी मंडळींचा वाटा मोठा आहे. या मंडळींनी आपली मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुली करावी की स्वतःजवळ राखावी, हा त्यांच्यातील जुना वाद. प्रश्न यंत्रयुगातला दिसतो. परंतु त्याचा माग काढू लागलो की आपण सतराव्या शतकातील एका मराठी घराण्यापाशी येतो. तेही आपल्या घराण्यांसारखेच महाराष्ट्राबाहेर वसलेले होते.

पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, त्यांचे शंकरभट्ट आणि शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठभट्ट. 1674 साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच कुळातले. नीलकंठभट्ट नात्याने त्यांच्या वडिलांचे चुलतबंधू. यमुना-चंबळ संगमाजवळच्या भरेह येथील राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांत वारसाहक्काच्या दाव्यांसाठी प्रमाण मानला गेला. ‘नीतिमयूखा’कडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. राजनीतीच्या या भागात बुद्धिबळाचे प्रकरण आहे.

नीलकंठांनी तेथे मोहऱ्यांची मांडणी आणि चाली दिल्या आहेत, आणि शिवाय घोड्याची फेरीही सांगितली आहे. अडीच घरांच्या चालीने घोड्याने चौसष्टही घरांत एकेकदाच जावे, हे ते कोडे. त्याची उकल अक्षरे घरोघर मांडून सांगितली आहे. ती एकदा समजली की कोणालाही पटावर पडताळून पाहता येते. आजच्या भाषेत हीच आज्ञावली म्हणायची. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यांतील एक उकल नीलकंठांनी सिंहलच्या राजाच्या नावे नोंदवली आहे. ती स्वतःची म्हणून खपवली असती तरी भरेहच्या दरबारात कोण विचारणार होते? त्यांनी विद्या उघडी केली आणि तिच्या धन्याचे नावही राखले. या दोन्ही कृती एकत्र पाहाव्यात.

पुढे 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापून निघाले. मूळ रचना संस्कृत. पण नियम युरोपीय पद्धतीचे धरून डावातील अवघड स्थिती त्यात मांडल्या होत्या. एका परंपरेतील ज्ञान दुसऱ्या परंपरेच्या माणसाला वापरता यावे, अशी ती सोय होती.

संगणकाच्या युगात याच दोन कृतींची ताटातूट झाली. फाबियां लतुझे या फ्रेंच हौशी प्रोग्रामरने ‘फ्रूट’ ही आपली बुद्धिबळ-प्रणाली 2005 साली मूळ आज्ञावलीसह खुली केली. तिची रचना इतकी स्वच्छ होती की ती वाचून अनेकजण शिकले. त्याच वर्षी ‘फ्रूट’ची पुढची आवृत्ती जागतिक स्पर्धेत दुसरी आली, परंतु लतुझे यांनी पुढच्या आवृत्त्या बंद ठेवल्या. नंतर ‘रिब्का’ या प्रणालीने जागतिक विजेतेपदे मिळवली. तिच्यात ‘फ्रूट’मधील भाग न सांगता घेतल्याचा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय संगणक-क्रीडा संघटनेने 2011 मध्ये 2007 ते 2010 ची विजेतेपदे काढून घेतली. कर्त्याने आरोप नाकारला आणि निर्णयावर पुढेही वाद झाला.

झाकून ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद येथे बळकट होतो. वर्षानुवर्षांच्या जागरणाचे फळ दुसऱ्याने एका रात्रीत उचलावे, हे कोणाला रुचेल? शिवाय सर्वांसमोर एकच उत्तम नमुना असला की प्रत्येकजण त्याचीच नक्कल करणार आणि नवी वाट शोधण्याची उमेद मंदावणार, हेही खोटे नाही.

तरीही इतिहासाचा कौल दुसरीकडे आहे. नॉर्वेच्या टूर रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’ या खुल्या प्रणालीवरून 2008 मध्ये ‘स्टॉकफिश’ निर्माण झाली. 2013 पासून जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकांचा रिकामा वेळ तिच्या चाचण्यांसाठी देऊ लागले. 2020 मध्ये जपानी शोगी खेळाच्या प्रोग्रामरांनी शोधलेली पद्धत तिच्यात आली आणि ती अधिकच बलवान झाली. तिची अट साधी आहे : घ्या, बदला, विकाही, मात्र तिच्यावरून केलेली प्रणाली दुसऱ्याच्या हाती देताना मूळ कर्त्यांचा उल्लेख राखा आणि तिची आज्ञावलीही खुली ठेवा. ही अट मोडल्याचे सांगत ‘स्टॉकफिश’च्या मंडळींनी 2021 मध्ये जर्मनीतील ‘चेसबेस’ कंपनीवर दावा लावला. 2022 मध्ये तडजोड झाली. खुलेपणालाही राखण लागते, हा त्यातला बोध. ‘रिब्का’च्या प्रकरणातही बिघाड झाला असेल तर तो श्रेय नाकारण्यात, त्याचा दोष खुलेपणाच्या माथी मारता येत नाही.

आपल्या बऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा 1615 च्या सुमारास बांधला गेला. सातपुड्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नगराकडे आणणारी ही योजना. बोगदा झाकलेला, पण त्यावर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या आकाशाकडे उघड्या ठेवल्या आहेत. त्यांतून हवा खेळते, माणूस खाली उतरून गाळ काढू शकतो. त्या कुंड्या बुजवल्या असत्या तर गाळ कोठे साचला हेसुद्धा कळले नसते. हौशी प्रोग्रामराची आज्ञावली काय किंवा आपल्या घरांतील पेट्यांत पडलेली मोडी दप्तरे काय, त्यांचे असेच आहे. बंद राहिलेली वस्तू कर्त्याच्या किंवा धन्याच्या आयुष्यापुरती टिकते. म्हणून ती उघडावी. उघडताना कर्त्याचे नाव ठळक लिहावे, आणि घेणाऱ्याने ते पुसू नये. नीलकंठांनी सिंहलच्या राजाला दिलेला मान चारशे वर्षे टिकला, तो एवढ्याच नियमाने.