'सदाशिवपेठी' अभिरुची आणि मराठी चित्रपट : काही स्पष्ट मते

१

चित्रपटाविषयी स्पष्ट मत देण्याची मराठी परंपरा चित्रपटाइतकीच जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पडद्यावर येऊन चार-पाच वर्षे होतात न होतात तोच खुद्द दादासाहेब फाळके यांनी 'नवयुग' मासिकात (१९१७-१८) भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. त्या लेखनात निर्मात्याचा तंत्रविचार, भांडवलाची विवंचना आणि स्वदेशीचा अभिमान एकत्र आलेला दिसतो. पुढील काळात मात्र या विचारातला तंत्राचा धागा सुटत गेला. चित्रपटावर बोलताना आपण कथा 'सशक्त' आहे की नाही, संवाद 'खटकेबाज' आहेत की नाही, संदेश 'मोलाचा' आहे की नाही आणि तो सहकुटुंब पाहता येतो की नाही, एवढेच विचारू लागलो. ही चारही परिमाणे कादंबरी, रंगभूमी आणि घर यांतून आलेली आहेत. दृश्य आणि ध्वनी या चित्रपटाच्या दोन मूलद्रव्यांना त्यांत जागा नाही.

या अभिरुचीला एखादे स्थलनाम द्यायचे झाल्यास मराठी वाङ्मयीन व्यवहाराने ते आधीच देऊन ठेवले आहे. साठोत्तरी काळात लघुनियतकालिकांच्या आणि त्यानंतर दलित साहित्याच्या चळवळीने प्रस्थापित पांढरपेशा साहित्याला 'सदाशिवपेठी' हे विशेषण लावले. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ. महाराष्ट्र साहित्य परिषद, भारत इतिहास संशोधक मंडळ, टिळक स्मारक मंदिर, भरत नाट्य मंदिर या संस्था याच परिसरात आहेत. ग्रंथ, इतिहास, व्याख्यान आणि नाटक यांचे हे नगर. चित्रपटाची घरे नदीपलीकडे होती. अलका टॉकीजच्या चौकातून लकडी पूल ओलांडून चालत गेले की प्रभातचा स्टुडिओ लागे. १९६० साली तेथेच फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. एवढे सान्निध्य असूनही मराठीच्या प्राध्यापकांनी आणि समीक्षकांनी हा पूल क्वचितच ओलांडला. प्रस्तुत लेखात या अंतराचा काही निवडक चित्रपटांच्या आधारे विचार करावयाचा आहे. मते माझी आहेत. ती कशाच्या आधारे बनली, हे शक्य तेथे सांगितले आहे.

२

'संत तुकाराम' (१९३६) हा मराठीतला सर्वश्रेष्ठ चित्रपट आहे, असे माझे मत आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे अभिमानाने सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण माझे मत त्या गौरवावर अवलंबून नाही. चित्रपटाचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. दामले प्रभातचे ध्वनिमुद्रक, तर फत्तेलाल कलादिग्दर्शक. म्हणजे हा चित्रपट एका कानाने आणि एका डोळ्याने घडवला आहे. विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांची निश्चलता आणि गौरीच्या आवलीची सतत चालणारी हालचाल यांच्या विरोधावर त्याची बांधणी उभी आहे. आजारी मुलाला घेऊन, हातात वहाण उगारून देवळात शिरणारी आवली ही भक्तिपरंपरेवरील एक जिवंत टीका आहे. तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली जमिनीवर राहते. या शेवटात कोणाची बाजू घ्यावी, ते चित्रपट सांगत नाही.

या चित्रपटाविषयीची आपली सर्वांत लाडकी आठवण मात्र शब्दांची आहे. त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटला. आठवल्यांचे यश नि:संशय मोठे आहे. तथापि, त्या पदाची पावले कशी पडतात आणि केशवराव भोळ्यांची चाल त्या पावलांशी कशी बांधली आहे, याविषयी आपण फारसे बोललो नाही. 'संत तुकाराम'चे सखोल विश्लेषण गीता कपूर आणि कुमार शहानी यांनी इंग्रजीत केले. त्यांतली एक कलासमीक्षक, दुसरा चित्रपट दिग्दर्शक. साहित्याचा प्राध्यापक कोणीच नाही.

'कुंकू'ची (१९३७) गोष्ट याहून बोलकी आहे. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नासाठी नावाजला गेला. प्रश्न पांढरपेशा वर्गाच्या घरातलाच होता, त्यामुळे ते स्वाभाविकही होते. परंतु प्रश्न कादंबरीतही होता. शांतारामबापूंनी चित्रपटात काय केले? त्यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. घरातले, रस्त्यावरचे, घड्याळाचे आवाज तेवढे ठेवले. त्या रिकाम्या शांततेत म्हातारपणाची टिकटिक ऐकू येते, आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब खलपुरुष न राहता दयनीय होतात. नीरेचे बंड संवादांतून कळते. तिची कोंडी कानाला कळते. माझ्या मते 'माणूस'पेक्षा (१९३९) 'कुंकू' सरस आहे. 'माणूस'मध्ये शेवटी जीवनावरचे भाष्य दृश्यावर मात करते, आणि नेमक्या त्याच कारणामुळे तो आपल्याला अधिक 'विचारप्रवर्तक' वाटत आला.

३

स्वातंत्र्योत्तर काळात ही अभिरुची अधिक ठाम झाली. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि संस्कारक्षम चित्रपटाचा मानदंड निश्चित झाला. वनमालाबाईंच्या संयत अभिनयाविषयी मला आदर आहे. चित्रपट म्हणून मात्र तो साने गुरुजींच्या पुस्तकातील प्रसंगांची मालिका आहे. प्रसंग संपतो, तात्पर्य मिळते, पुढचा प्रसंग सुरू होतो. पुस्तकावरचे प्रेम आपण चित्रपटाच्या खात्यावर जमा केले, असे म्हणावेसे वाटते.

याच्या उलट अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९). तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एका शहरात एखादी कलाकृती गर्दी खेचत असताना त्या शहरातील वाङ्मयीन चर्चेने तिला 'तमाशापट' या एका शब्दात आटोपावे, ही साधी बाब नव्हे. विशेष म्हणजे पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची होती. 'बनगरवाडी'चा (१९५५) लेखक आपण नवसाहित्यात मानाने बसवला आणि त्याच लेखणीचे दुसरे काम करमणुकीत ढकलले. त्या चित्रपटात लावणी कथेला थांबवत नाही. फडावरचे सवाल-जवाब हेच अन्याय उघडा करण्याचे साधन ठरतात. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'बाबतही (१९७१) हेच झाले. कथा वसंत सबनिसांची होती, विनोद लोकनाट्याच्या रीतीचा होता. पुढच्या काळात कोंडक्यांच्या चित्रपटांतला द्व्यर्थीपणा यांत्रिक झाला, हे मला मान्य आहे. पण 'सोंगाड्या'तील भोळा नायक हा लोकनाट्यातून पडद्यावर आलेला एक अस्सल मराठी चेहरा आहे, हे सांगायला आपण फार उशीर केला.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकप्रियता ही गुणवत्ता नव्हे, हे खरे आहे, आणि १३१ आठवड्यांनी काहीही सिद्ध होत नाही. मात्र एखादी कृती न पाहता, तिच्या प्रेक्षकावरून तिची प्रतवारी लावणे हीही समीक्षा नव्हे. 'सदाशिवपेठी' या विशेषणातला रोष याच प्रतवारीवर होता.

४

'उंबरठा' (१९८२) हा आपल्या वर्गाचा अतिशय आदरणीय चित्रपट. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांची शिस्त यांविषयी वाद नाही. तरी अनेक दृश्यांत माणसे प्रश्न मांडण्यासाठीच एकत्र आली आहेत, असे मला जाणवते. स्मिता पाटील गप्प असते तेव्हा चित्रपट उंचावतो. शांता निसळ यांच्या कादंबरीत नसलेली गोष्ट म्हणजे तो चेहरा.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) डुकराला काठीला बांधून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर आंबेडकरांसह समाजसुधारकांची चित्रे आहेत. कोणी काही बोलत नाही. हे वाक्यात सांगितले तर घोषणा होईल. चौकटीत पाहिले तर गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आणि त्याचे अपुरेपण एकाच वेळी दिसते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तेथे प्रेक्षक कोण, हा प्रश्न अपरिहार्य होतो.

'सैराट'विषयी (२०१६) माझे मत मिश्र आहे. पूर्वार्धातील संथगतीची दृश्ये आणि वाद्यवृंदाचा कल्लोळ मला अतिरिक्त वाटतो. परंतु त्या कल्लोळाशिवाय अखेरची नि:शब्दता शक्य नव्हती. रक्ताळलेल्या पावलांनी मूल बाहेर पडते आणि पडद्यावर आवाजच उरत नाही. 'कुंकू'ने १९३७ साली संगीत काढून घेऊन जे साधले, त्याचा दूरचा वारसा येथे आहे. विषयांनुसार इतिहास लिहिला तर हे दोन चित्रपट एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. एक सुधारणेच्या प्रकरणात जाईल, दुसरा जातवास्तवाच्या. कानाने इतिहास लिहिला तर ते शेजारी बसतात.

५

हा केवळ रुचिभेदाचा प्रश्न नाही. काय जपले जाते, हेही अभिरुचीच ठरवते. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) आज उपलब्ध नाही. त्याचे कथासूत्र आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या वास्तववादाचे दाखले आपण वर्गात देतो. चित्रपट मात्र पाहता येत नाही. कथेलाच चित्रपट मानणाऱ्या समीक्षेला ही हानी फारशी जाणवत नाही, ही खरी चिंतेची गोष्ट. २००३ साली पुण्यातील संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट रिळे आगीत भस्मसात झाली. प्रभातच्या शहरात ही घटना वृत्तपत्रांची बातमी झाली. एखाद्या ग्रंथसंग्रहाला आग लागली असती तर परिसंवाद झाले असते.

अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) या ग्रंथाने मराठीत दृश्याची भाषा किती नेमकेपणाने लिहिता येते, हे दाखवून दिले. त्यामागे फिल्म इन्स्टिट्यूटमधील शिक्षण होते. मराठी विभागांतून माध्यमांतराचा अभ्यास आता होतो. पण तोही बहुधा कादंबरीत काय होते आणि चित्रपटात काय गाळले, या यादीपाशी थांबतो. काय मिळवले, हा रकाना कोराच राहतो.

म्हणून स्पष्ट मताला माझा विरोध नाही. 'मला आवडला नाही' हे वाक्य समीक्षेची सुरुवात म्हणून प्रामाणिक आहे. त्यापुढे कोणते दृश्य, कोणता आवाज, कोणता कट, एवढे तरी यावे. आणि हे मत कोणत्या पेठेतून दिले जात आहे, याची जाणीव मत देणाऱ्याला असावी.