संगमरवराचा छेद आणि वाळूचा कण : रोमन दगडकामातील वेग व पृष्ठभागाची प्रत

प्राचीन रोमच्या तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः पाणचक्की, दंतचक्र, भुजा अशा यंत्रांगांकडे जाते. शोभेच्या दगडाच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शिळा चिरण्याचा वेग यंत्राने वाढविला हे खरे. परंतु चिरलेल्या पृष्ठभागाची प्रत आणि पुढील घोटाईचे श्रम ठरत होते ते पात्याखालच्या वाळूमुळे.

या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे लिखित साधन म्हणजे थोरल्या प्लिनीच्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’ या ग्रंथाचा छत्तिसावा खंड. प्लिनीचा मृत्यू इ.स. ७९ मध्ये झाला. संगमरवर लोखंडाने चिरला जातो असे वरकरणी दिसते, प्रत्यक्षात तो वाळूने चिरला जातो. करवत केवळ एका बारीक रेषेत वाळू दाबून मागेपुढे ओढते, असे तो सांगतो. आधुनिक खनिजशास्त्र या निरीक्षणाला दुजोरा देते. मोहच्या काठिण्यश्रेणीत संगमरवरातील कॅल्साइटचे स्थान ३, तर वाळूतील क्वार्ट्‌झचे ७ आहे.

प्लिनी येथेच थांबत नाही. तो वाळूची प्रतवारी देतो. इथिओपियाची वाळू त्याच्या मते सर्वोत्तम, कारण ती खरबरीतपणा न ठेवता कापते. त्या खालोखाल तो भारतीय वाळूचा उल्लेख करतो. तिने पृष्ठभाग तितका गुळगुळीत होत नाही, मात्र भाजून घेतल्यास ती घोटाईच्या उपयोगी पडते. (रोमच्या आयातीचा विचार करताना आपण मिरी आणि मलमल यांपुढे सहसा जात नाही, म्हणून हा उल्लेख विशेष लक्षणीय वाटतो.) यानंतर त्याची तक्रार येते. कारागीर लबाडीने कोणत्याही नदीची वाळू वापरतात. जाड्या कणांमुळे छेद रुंद होतो, दगड अधिक झिजतो आणि खरबरीत पृष्ठभागामुळे घोटाईचे काम वाढते.

या तक्रारीचे आर्थिक मर्म एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. एक मीटर जाडीच्या ठोकळ्यातून २ सेंटिमीटर जाडीच्या लाद्या काढावयाच्या आहेत असे मानू. छेद ३ मिलिमीटरचा असल्यास ४३ लाद्या मिळतात; तोच ६ मिलिमीटरचा झाल्यास ३८. शिवाय प्रत्येक लादीचा खरबरीतपणा घोटून काढताना ती आणखी पातळ होते. चिरणाऱ्याने वाचविलेला वेळ अशा रीतीने घोटणाऱ्याच्या आणि मालकाच्या माथी बसतो. ‘कार्यक्षमता’ हा शब्द वापरताना ती कोणाची, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

पातळ लाद्यांची ही मागणी तुलनेने नवी होती. आपल्या संपूर्ण घराच्या भिंती संगमरवरी लाद्यांनी मढविणारा रोममधील पहिला गृहस्थ म्हणून प्लिनी सीझरच्या सैन्यातील अभियंता मामुर्रा याचे नाव देतो, आणि तेही नापसंतीच्या सुरात. अखंड शिळेच्या बांधकामापेक्षा लाद्यांच्या कामात चिरावयाचे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते. यांत्रिक करवतीची गरज त्यातूनच निर्माण झाली असावी.

प्लिनीच्या वर्णनात पाण्यावर चालणारी करवत नाही. चौथ्या शतकातील कवी ऑसोनियस मोझेल नदीवरील आपल्या काव्यात एका उपनदीकाठी संगमरवर चिरणाऱ्या करवतींचा निर्देश करतो. तथापि या ओळींच्या विश्वसनीयतेविषयी काही इतिहासकारांनी शंका घेतली होती. तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथील शवपेटीच्या शिल्पाने चित्र पालटले. २००७ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. इ.स. तिसऱ्या शतकातील या शिल्पात पाणचक्र, दंतचक्र आणि दोन ठोकळे चिरणाऱ्या दोन करवती दिसतात. चक्राकार गतीचे मागेपुढे होणाऱ्या गतीत रूपांतर करणाऱ्या यंत्राचा हा ज्ञात असलेला सर्वांत प्राचीन पुरावा मानला जातो. जॉर्डनमधील जेराश येथे सहाव्या शतकातील अशाच गिरणीत अर्धवट चिरलेले स्तंभखंड जागेवरच राहिले. त्यांवरील समांतर छेदांवरून एका चौकटीत अनेक पाती बसविलेली होती हे उघड होते.

पात्यांची संख्या वाढली, माणसाच्या हाताची जागा पाण्याने घेतली. वाळू मात्र पूर्वीसारखीच वरून ओतावी लागे. येथे एक साधी गोष्ट नजरेआड होऊ नये. हाताने ओढणारा कारागीर छेद भरकटू लागताच थांबू शकतो. पाणचक्राला ते कळत नाही. त्यामुळे वाळू आणि पाणी सतत योग्य प्रमाणात पुरविणाऱ्या माणसाचे महत्त्व यंत्रामुळे घटले नसावे, उलट वाढले असावे. हिएरापोलिसच्या शिल्पकाराने चक्र कोरले, करवती कोरल्या. वाळू दगडात कोरण्यासारखी वस्तू नव्हतीच.

इटलीतील कारारा येथील खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिळाच्या पोलादी तारेने शिळा कापू लागले, तेव्हाही तारेवर वाळू आणि पाणीच सोडले जात असे. कापणारा कण हत्यारालाच जडविलेली हिरेजडित तार त्या खाणींत आली ती १९७० च्या दशकात.